टस्कनीत सायकलने: सिएना, व्हाल दोर्चा आणि टेकड्यांवरची मध्ययुगीन गावे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या टस्कनी प्रांतात, विशेषतः फ्लोरेन्सपासून दक्षिणेकडे सिएना आणि त्याच्याही पलीकडे, सायकलने फिरू इच्छिणाऱ्या मराठी वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा विषय दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. दर, वेळापत्रके आणि व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते अधिकृत ठिकाणी पडताळून पाहावेत.

१. टस्कनी तर मोठा प्रांत आहे. सायकलसाठी नेमका कोणता भाग निवडावा?

पहिल्या सफरीसाठी सिएना शहर केंद्रस्थानी धरावे. त्याच्या उत्तरेला, फ्लोरेन्सच्या दिशेने, द्राक्षमळे, ऑलिव्हच्या बागा आणि ओकची राने असलेला कियान्तीचा डोंगराळ भाग आहे. आग्नेयेला क्रेते सेनेसी नावाच्या राखाडी चिकणमातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या आहेत. त्यांच्या दक्षिणेला व्हाल दोर्चा, म्हणजे ओर्चा नदीचे खोरे लागते, जे २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. वायव्येला एल्सा नदीचे खोरे असून मोन्तेरिज्जोनी आणि सान जिमिन्यानो ही गावे त्या बाजूला येतात. एका आठवड्यात हे चारही भाग पाहण्याचा आग्रह धरू नये. दोन भाग निवांतपणे पाहावेत.

२. बसने किंवा मोटारीने ही गावे लवकर पाहून होतात. मग सायकलचे कष्ट कशासाठी?

कारण येथे गाव आणि त्याभोवतीचे शिवार या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. सिएनाच्या पालाझ्झो पुब्ब्लिको या नगरभवनात आम्ब्रोजो लोरेन्झेत्ती याने १३३८–३९ मध्ये रंगवलेले भित्तिचित्र आहे. चांगल्या कारभाराचे परिणाम हा त्याचा विषय. त्यात एकाच भिंतीवर डावीकडे गजबजलेले शहर, मध्ये तटबंदी आणि वेस, आणि उजवीकडे पेरणी, कापणी, मळणी चाललेल्या टेकड्या दिसतात. वेशीतून घोडेस्वार बाहेर पडत आहेत, तर मालाने लादलेली जनावरे आत येत आहेत. शहराचे पोट शिवारावर आणि शिवाराची सुरक्षितता शहरावर अवलंबून असते, हे सिएनाच्या राज्यकर्त्यांनी आपल्या सभागृहातच रंगवून घेतले होते.

पुढे कित्येक शतके ही जमीन अर्धेलीच्या पद्धतीने कसली गेली. जमीन मालकाची, श्रम कुळाचे आणि उत्पन्न निम्मे-निम्मे, अशी ती व्यवस्था होती. प्रत्येक कुळाचे घर त्याच्या शेतातच बांधलेले असे. आज टेकडीच्या माथ्यावर सुरूंच्या रांगेआड एकटे उभे असलेले जे दगडी घर छायाचित्रांत दिसते, ते या व्यवस्थेतून आलेले आहे. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी झाली, पुष्कळ कुळे शहराकडे गेली आणि रिकाम्या झालेल्या जमिनींवर सार्डिनिया बेटावरून मेंढपाळ येऊन स्थिरावले. पिएन्झाच्या प्रसिद्ध पेकोरिनो चीजमागे त्यांचेही श्रम आहेत.

बस प्रवाशाला तटाखालच्या वाहनतळावर उतरवते. सायकलस्वाराला मात्र तेच गाव तासभर आधीपासून दूरच्या माथ्यावर दिसत राहते, मध्येच दरीत उतरताना लपते आणि अखेर शेवटचा चढ संपता संपता वेस समोर येते. या गावांकडे पूर्वी लोक असेच येत, आणि माझ्या मते ती अशीच पाहावीत.

३. रोज किती किलोमीटर धरावेत? मी भारतात दिवसाला शंभर किलोमीटर सहज करतो.

येथे दिवसाचे मोजमाप किलोमीटरमध्ये न करता चढाईच्या मीटरमध्ये करावे. सिएना ३२२ मीटर, पिएन्झा ४९१, मोन्ताल्चिनो ५६४ आणि मोन्तेपुल्चानो ६०५ मीटर उंचीवर आहे. आकडे छोटे वाटतात, परंतु प्रत्येक दोन गावांच्या मध्ये एक किंवा अनेक दऱ्या आहेत. मिळवलेली उंची उतारावर गमावून ती पुन्हा कमवावी लागते. त्यामुळे चाळीस-पन्नास किलोमीटरच्या दिवसात आठशे ते हजार मीटर चढाई सहज होऊन जाते, आणि चढाचा सर्वांत तीव्र तुकडा बहुधा अगदी शेवटी, वेशीच्या खाली असतो.

सामानासह फिरणाऱ्या तंदुरुस्त व्यक्तीने चाळीस ते पंचावन्न किलोमीटर आणि नऊशे मीटर चढाई ही वरची मर्यादा मानावी. शंभर किलोमीटर जमणार नाहीत असे नाही, पण मग गाव पाहण्यासाठी ना वेळ उरतो ना पायांत बळ. दुपारी दोन-तीनपर्यंत मुक्कामी पोहोचून उरलेला दिवस गावाला देणे, हेच या सफरीचे खरे वेळापत्रक आहे.

४. महाराष्ट्रात राहून तयारी कशी करावी?

एकच लांब घाट चढण्यापेक्षा मध्यम चढ एकामागून एक करण्याचा सराव अधिक उपयोगी पडतो. पुण्यातील सायकलस्वारांनी बोपदेव घाट चढून सासवडमार्गे दिवे घाटाने उतरावे आणि दमसास वाढल्यावर तेच उलट दिशेने पुन्हा करावे. ठाणे-मुंबईकरांना येऊरची टेकडी दोन-तीनदा चढता येते, तर कोल्हापूरकरांना जोतिबा आणि पन्हाळा जवळ आहेत. निघण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात सायकलवर तेवढेच सामान लादून सलग दोन दिवस सराव अवश्य करावा, कारण रिकाम्या सायकलवरील अंदाज भरलेल्या सायकलवर चुकतात.

५. कोणता हंगाम उत्तम?

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. एप्रिल-मेमध्ये गव्हाची शेते हिरवीगार असतात आणि मेमध्ये त्यांत लाल खसखशीची फुले येतात. जूनच्या अखेरीस पीक सोनेरी होऊन कापणी सुरू होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नांगरलेल्या टेकड्या तपकिरी आणि ओसाड दिसतात. काही वाचक त्यामुळे हिरमुसतात, पण क्रेतेचा खरा आकार मला तेव्हाच दिसतो असे वाटते. सप्टेंबरमध्ये द्राक्षांची तोडणी चालू असते.

जुलै-ऑगस्टमध्ये तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ शकते आणि क्रेतेत सावली जवळजवळ नाही. आपल्याला उन्हाची सवय आहे असे समजून या महिन्यांत जाणे योग्य नाही, कारण जूनच्या अखेरीस तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो आणि दुपारचा ताप संध्याकाळपर्यंत टिकतो.

६. व्हिसा कोणता लागतो?

भारतीय पारपत्रधारकांना अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रवासातील सर्वाधिक दिवस इटलीत असतील तर अर्ज इटलीकडेच करावा लागतो. महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी मुंबईतील इटलीचे वाणिज्य दूतावास कार्यालय संबंधित आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. प्रौढांसाठीचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो झाले आहे.

वैद्यकीय विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे लागते. सायकलस्वारांनी विमापत्रातील बारीक मजकूर वाचून सायकलवरील अपघात त्यातून वगळलेला नाही ना, हे लेखी विचारून घ्यावे. मुक्काम रोज बदलणार असल्यामुळे प्रत्येक रात्रीचे आरक्षण आणि दिवसवार आराखडा अर्जासोबत जोडणे हिताचे ठरते.

७. स्वतःची सायकल न्यावी की तेथे भाड्याने घ्यावी?

दहा दिवसांपर्यंतच्या सफरीसाठी भाड्याने घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईहून फ्लोरेन्सला थेट विमान नाही. खोक्यात बंद केलेली सायकल एका तरी विमानतळावर दुसऱ्या विमानात चढवली जाते, आणि ती उशिरा आली तर सफरीचे दोन दिवस वाया जातात. शिवाय ठेवून दिलेले रिकामे खोके घेण्यासाठी पुन्हा पहिल्याच गावी परतावे लागते. फ्लोरेन्स, सिएना आणि कियान्तीतील गावांत चांगल्या सायकली भाड्याने मिळतात, पण मे आणि सप्टेंबरसाठी त्या दोन-तीन महिने आधी राखून ठेवाव्यात. आपली उंची आणि पायाची आतील लांबी सेंटिमीटरमध्ये कळवावी. स्वतःचे पेडल आणि सवयीची सीट सोबत नेल्यास भाड्याची सायकल लवकर अंगवळणी पडते.

सायकल ताब्यात घेताना ब्रेक तपासावेत. भारतात पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, तर तेथील भाड्याच्या सायकलींवर तो बहुतेक वेळा डाव्या हाताला असतो. उतारावर घाईत चुकीचा ब्रेक दाबला जाऊ नये, म्हणून मोकळ्या जागेत पंधरा मिनिटे सराव करूनच निघावे.

८. स्वतःचीच सायकल न्यायची असेल तर काय काळजी घ्यावी?

विमान कंपनीला आरक्षणाच्या वेळीच कळवावे, कारण काही विमानांत सायकलींची संख्या मर्यादित असते. पेडल काढून, हँडल वळवून, चाकांतील हवा कमी करून सायकल कठीण पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवावी आणि डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधावा. कार्बन डायऑक्साइडची हवा भरण्याची नळकांडी कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे साधा हातपंप बरा. विजेवर चालणाऱ्या सायकलीची बॅटरी मात्र प्रवासी विमानातून नेताच येत नाही. १६० वॉट-अवरपेक्षा मोठ्या लिथियम बॅटऱ्यांना मनाई असते आणि या बॅटऱ्या त्याहून कितीतरी मोठ्या असतात.

९. गिअर आणि टायर कसे असावेत?

चढासाठी हलका गिअर हवाच. सामान नसेल तर पुढे ३४ आणि मागे ३४ दाती चक्रे पुरतात. सामान असेल तर पुढचे चक्र ३० दातीचे किंवा त्याहून लहान असावे. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद असले की डांबरी आणि खडीचे असे दोन्ही रस्ते सुखाने पार होतात. अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरवर खडीचा रस्ता करणे शक्य आहे, पण मनगटांना त्याचा त्रास होतो. दोन ट्यूब, पंक्चरचे साहित्य, टायर लिव्हर, चेन जोडण्याची कडी आणि पंप प्रत्येकाजवळ असावा, कारण दोन गावांमध्ये सायकलचे दुकान मिळत नाही आणि रविवारी तर गावातही ते बंद असते.

१०. आईवडील साठीच्या पुढचे आहेत. विजेवर चालणारी सायकल घेतली तर त्यांना जमेल का?

जमेल, आणि या प्रदेशासाठी तिच्याइतके योग्य साधन नाही. युरोपीय नियमांनुसार या सायकलींची मोटर २५० वॉटची असते, पेडल मारले तरच ती मदत करते आणि ताशी २५ किलोमीटरनंतर मदत थांबते. त्यामुळे सायकल चालवण्याचा तोल, सवय आणि थोडा दमसास लागतोच. ज्यांनी कित्येक वर्षांत सायकल चालवलेली नाही, त्यांनी आधी भारतात काही आठवडे चालवून पाहावी. अडचण येते ती उतारावर: सायकल वीस-पंचवीस किलो वजनाची असल्यामुळे खडीच्या उतारावर ती सहज थांबत नाही. रात्री बॅटरी खोलीत किंवा शेडमध्ये चार्ज करता येईल का, हे मुक्कामाच्या ठिकाणी आधीच विचारावे.

११. 'पांढरे रस्ते' म्हणजे काय? ते टाळता येतात का?

टस्कनीत पुष्कळ जुने ग्रामीण रस्ते आजही डांबराविना आहेत. चुनखडीच्या बारीक खडीने ते दाबून घेतलेले असतात आणि उन्हात पांढरे दिसतात. हे रस्ते टिकून राहिले, यात सायकलस्वारांचा मोठा वाटा आहे. १९९७ साली कियान्तीतील गायोले गावातून 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली आणि या रस्त्यांवर डांबर पडू नये, ही त्यामागची एक प्रेरणा होती. त्या फेरीत १९८७ पूर्वीच्या घडणीच्या रेसिंग सायकली चालवल्या जातात. २००७ पासून व्यावसायिक सायकलपटूंची शर्यतही याच रस्त्यांवरून होऊन सिएनाच्या काम्पो चौकात संपते.

फेरीचा सुमारे २०९ किलोमीटरचा मार्ग कायमस्वरूपी पाट्यांनी दाखवलेला आहे आणि तो वर्षभर कोणालाही खुला असतो. सारा मार्ग करण्याची गरज नाही. त्यातील एखादा तुकडा दिवसाच्या आराखड्यात जोडावा.

पांढरे रस्ते पूर्णपणे टाळून केवळ डांबरी रस्त्यांनीही सफर करता येते, परंतु मग वाहनांची सोबत वाढते. पहिल्या दिवशी पाच-सहा किलोमीटरचा तुकडा घ्यावा. टायरमधील हवा थोडी कमी ठेवावी, उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत आणि वळण येण्यापूर्वीच वेग कमी करावा. वळणात ब्रेक दाबल्यास चाक खडीवरून सरकते. पावसानंतरची परिस्थिती वेगळी असते, त्यासाठी प्रश्न २० पाहावा.

१२. वाहतुकीचे कोणते नियम सायकलस्वाराला लागू होतात?

सर्वप्रथम, वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना आणि डावीकडे वळल्यानंतर जुनी सवय उसळते, म्हणून पहिले काही दिवस प्रत्येक वळणावर स्वतःला आठवण करून द्यावी. गावाबाहेर सायकली एकामागे एकच चालवायच्या असतात. घंटी आवश्यक आहे, तसेच अंधारात पुढे पांढरा व मागे लाल दिवा हवा. गावाबाहेर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, आणि बोगद्यात केव्हाही, प्रकाश परावर्तित करणारे जाकीट अंगावर असणे बंधनकारक आहे. हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही, पण ते घातल्याशिवाय कोणी निघू नये. वाइनच्या प्रदेशात विचारला जाणारा एक उपप्रश्न: मद्यपानाची मर्यादा सायकलस्वारालाही लागू होते. चाखणे संध्याकाळी, मुक्कामी पोहोचल्यावर करावे.

१३. फ्लोरेन्सहून सिएनाला कोणत्या रस्त्याने जावे?

दोन शहरांना जोडणारा चौपदरी जलदमार्ग सायकलींना बंद आहे. मोबाइलवरील नकाशा मोटारीसाठी लावलेला असेल तर तो याच मार्गावर नेतो, म्हणून सायकलचा पर्याय निवडलेला असल्याची खात्री करावी. कास्सिया हा जुना रोमन मार्ग खुला आहे, परंतु त्यावर वाहने पुष्कळ असतात. सर्वांत रम्य मार्ग म्हणजे ग्रेव्हे, पान्झानो आणि कास्तेल्लिनावरून जाणारा २२२ क्रमांकाचा क्यान्तिजाना. तो सुमारे सत्तर किलोमीटरचा आहे आणि चढउतार भरपूर आहेत. पान्झानो किंवा कास्तेल्लिना येथे एक रात्र राहून तो दोन दिवसांत करावा. सुट्टीच्या दिवशी या मार्गावर मोटारसायकलस्वारांची गर्दी होते, त्यामुळे शनिवार-रविवार टाळलेले बरे.

१४. एका आठवड्याचा आराखडा सुचवाल का?

फ्लोरेन्सहून सिएनापर्यंतचे पहिले दोन दिवस प्रश्न १३ मध्ये आले आहेत. तिसरा दिवस सिएनासाठी पूर्ण राखून ठेवावा आणि सायकलला हातही लावू नये. शंखाच्या आकाराचा, नऊ भागांत विभागलेला काम्पो चौक, लोरेन्झेत्तीचे भित्तिचित्र आणि कॅथीड्रलशेजारी अर्धवट उभ्या असलेल्या भव्य भिंती पाहाव्यात. कॅथीड्रल वाढवून प्रचंड करण्याचे काम चालू असताना १३४८ ची प्लेगची साथ आली, काम थांबले आणि पुन्हा कधी सुरू झाले नाही.

चौथ्या दिवशी लाउरेताना या रस्त्याने क्रेतेतून आशानो गाठावे. सुमारे सत्तावीस किलोमीटरचा हा रस्ता टेकड्यांच्या कण्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मोकळी जमीन दिसते. माझ्या दृष्टीने संपूर्ण सफरीतील हा सर्वोत्तम दिवस आहे. पाचव्या दिवशी मोन्ते ओलिव्हेतो माज्जोरे या १३१३ साली स्थापन झालेल्या मठाला भेट द्यावी. मठ दुपारी बंद असतो, म्हणून सकाळी लवकर निघावे. तेथील अंगणाभोवतीच्या ओवऱ्यांत सिन्योरेल्ली आणि सोदोमा यांची संत बेनेडिक्टच्या जीवनावरील भित्तिचित्रे आहेत. त्यानंतर बुओनकोन्व्हेन्तोला उतरून, जमल्यास, चौदा किलोमीटरचा चढ चढून मोन्ताल्चिनोला मुक्काम करावा. पाय थकले असतील तर खालीच राहावे. विटांच्या तटबंदीचे ते सपाटीवरचे गाव सुंदर आहे आणि १३१३ मध्ये पवित्र रोमन सम्राट सातवा हेन्री तेथेच मरण पावला.

सहाव्या दिवशी सान क्विरिको आणि बान्यो विन्योनी करून पिएन्झाला पोहोचावे. बान्यो विन्योनीच्या मुख्य चौकात फरसबंदीऐवजी गरम पाण्याचे कुंड आहे. त्यात उतरण्यास मनाई आहे. सातव्या दिवशी मोन्तेपुल्चानोमार्गे किउसी स्थानकावर उतरून रेल्वेने परतावे.

१५. सान जिमिन्यानो आणि व्होल्तेरा यांत कसे बसवावेत?

ते पश्चिमेला आहेत आणि त्यांना आणखी तीन-चार दिवस लागतात. सिएनाहून मोन्तेरिज्जोनी सुमारे पंधरा किलोमीटरवर आहे. सिएनाने फ्लोरेन्सविरुद्ध चौकी म्हणून १३ व्या शतकाच्या आरंभी वसवलेले हे गाव इतके छोटे आहे की त्याचा सारा तट दहा मिनिटांत बाहेरून फिरून होतो. तेथून कोल्लेमार्गे सान जिमिन्यानो गाठता येते. परंपरा सांगते की तेथे एकेकाळी ७२ मनोरे होते. आज चौदाच्या आसपास उभे आहेत. तेथे रात्री राहावे, कारण दिवसाच्या बसगाड्या संध्याकाळी निघून गेल्यावर गाव पुन्हा गावासारखे होते.

व्होल्तेरा आणखी तीस किलोमीटरवर असून चढ कस पाहणारा आहे. तेथील वेशीची, रोमनांपूर्वीच्या एत्रुस्कन लोकांच्या काळातील कमान १९४४ मध्ये जर्मन सैन्य उडवून देणार होते. गावकऱ्यांनी रस्त्याच्या फरशा उपटून ती वेस स्वतःच बुजवली आणि कमान वाचवली. वेळ कमी असेल तर व्होल्तेरा सोडावे, पण मनात रुखरुख राहील हे सांगून ठेवतो.

१६. रेल्वेत सायकल नेता येते का?

प्रादेशिक गाड्यांत, ज्यांच्यावर सायकलचे चिन्ह असते, वेगळे तिकीट काढून अखंड सायकल नेता येते. जागा मर्यादित असते, आणि जागा भरली असेल तर पुढच्या गाडीची वाट पाहावी लागते. त्यामुळे विमान पकडण्याच्या दिवशी यावर विसंबू नये. जलद लांब पल्ल्याच्या गाड्यांत घडी केलेली किंवा सुटी करून पिशवीत भरलेली सायकल चालते. पिशवीच्या आकाराची मर्यादा आधी तपासून घ्यावी. पिएन्झा, सान जिमिन्यानो, मोन्ताल्चिनो आणि व्होल्तेरा या टेकड्यांवर स्थानके नाहीत. सान जिमिन्यानोसाठी पोज्जिबोन्सी, मोन्ताल्चिनोसाठी बुओनकोन्व्हेन्तो आणि पिएन्झासाठी किउसी ही सोयीची स्थानके होत. सिएनाचे स्थानकही शहराच्या बरेच खाली आहे.

१७. आम्ही शाकाहारी आहोत, सोबत जैन मित्रही आहेत. जेवणाचे काय?

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, कारण टस्कनीचे शेतकरी अन्न मुळातच कडधान्ये, पालेभाज्या आणि पाव यांवर उभे आहे. रिबोल्लिता म्हणजे पाव घालून शिजवलेला भाज्या आणि शेंगबियांचा दाट रस्सा, पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटो आणि पावाचा लगदा, आणि पिची म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया. मात्र रश्श्यात डुकराच्या मांसाचा तुकडा फोडणीत असू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी विचारावे. तेथला पाव अळणी असतो आणि ती त्यांची रीतच आहे.

कडक शाकाहाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की पारंपरिक पेकोरिनो आणि पार्मेझान चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते. जैन मित्रांसाठी कांदा-लसणाविना तयार मिळणारे पदार्थ थोडे आहेत. स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन आठवड्यातून काही वेळा स्वतः शिजवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. डाळ, तांदूळ आणि भाज्या तेथील दुकानांत मिळतात, मसाल्यांच्या पुड्या आपण न्याव्यात.

वेळा काटेकोर असतात. दुपारी अडीचनंतर बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात आणि रात्रीचे जेवण साडेसातपूर्वी मिळत नाही. छोट्या गावातील वाणसामानाचे दुकानही दुपारी बंद असते. सायकलच्या पिशवीत पाव, फळे आणि सुकामेवा कायम ठेवावा.

१८. वाटेत पिण्याचे पाणी मिळते का?

गावांत सार्वजनिक नळ असतात आणि ते पाणी पिण्यायोग्य असते. नळावर ते पिण्यायोग्य नसल्याची इटालियन पाटी असेल तर भरू नये. क्रेतेत गावे विरळ असल्याने तेथे निघताना प्रत्येकाने दोन बाटल्या भरून घ्याव्यात.

१९. जुन्या गावांच्या आत सायकल चालवता येते का? आणि ती सुरक्षित कोठे ठेवावी?

मोटारींना बंद असलेल्या भागात सायकलला सहसा मनाई नसते, परंतु गल्ल्या अरुंद, तीव्र उताराच्या आणि दगडी फरशांच्या असतात. ओल्या फरशीवर चाक घसरते. वेशीपाशी उतरून सायकल हातात धरून चालणे हे पायी चालणाऱ्यांच्या सोयीचे आणि शिष्टाचाराचे आहे. आरक्षण करताना सायकलसाठी बंद जागा आहे का, हे लेखी विचारावे. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, म्हणून पिशवीत हलकी पँट आणि सदरा वर ठेवावा. सामानासकट सायकल बाहेर सोडून संग्रहालयात जाऊ नये. आधी मुक्कामी जावे, मग पाहायला निघावे.

२०. पाऊस आला तर?

डांबरी रस्त्यावर पाऊस सुसह्य असतो. क्रेतेत मात्र, डांबर आणि पक्की खडी सोडून शेतातील मातीच्या वाटेवर जाऊ नये. ओली चिकणमाती चाक आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि सायकल ढकलताही येत नाही. तिथून बाहेर पडण्याचा उपाय म्हणजे ती उचलून नेणे. पाऊस थांबल्यावरही एक दिवस तरी अशा वाटा टाळाव्यात. विजांचा कडकडाट होत असेल तर टेकडीच्या कण्यावरचा रस्ता सोडून खालच्या गावात थांबावे.

२१. फ्रान्चिजेना या रोमकडे जाणाऱ्या जुन्या यात्रामार्गावरून सायकल चालवता येते का?

कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक याने ९९० साली रोमहून परतताना मुक्कामांची नोंद ठेवली, त्यावरून हा मार्ग आज ओळखला जातो. सान जिमिन्यानो आणि सिएना यांची भरभराट याच रहदारीवर झाली. पायी चालणाऱ्यांची वाट आणि सायकलींची वाट काही ठिकाणी वेगळी आहे, म्हणून सायकलच्या पाट्या पाहाव्यात. पायवाटेचे काही तुकडे पायऱ्यांचे किंवा ओढ्यांतून जाणारे आहेत. मार्गावरील साध्या यात्रीनिवासांत राहण्यासाठी यात्रेकरूचे ओळखपत्र लागते आणि काही ठिकाणी पायी येणाऱ्यांना प्राधान्य मिळते.

२२. ही सारी गावे खरोखर मध्ययुगीन आहेत का?

सर्व नाहीत. पिएन्झा हे पोप दुसरा पायस याने आपल्या जन्मगावाच्या जागी १४५९ पासून बेर्नार्दो रोस्सेल्लिनोकडून बांधवून घेतलेले नियोजित, प्रबोधनकालीन गाव आहे. मोन्तेपुल्चानोतील वाडे बव्हंशी त्याच काळातले आणि नंतरचे आहेत. याउलट सान जिमिन्यानो आणि सिएना मध्ययुगीन राहिले, कारण त्यांची भरभराट थांबली. प्लेगनंतर १३५३ मध्ये सान जिमिन्यानो फ्लोरेन्सच्या ताब्यात गेले, सिएनाचे प्रजासत्ताक १५५५ मध्ये पडले, आणि जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा पुन्हा आला नाही. सिएनाचे काही निर्वासित १५५९ पर्यंत मोन्ताल्चिनोत टिकून लढले.

२३. कोणत्या तारखा टाळाव्यात?

सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ ही घोड्यांची शर्यत होते. ती पाहायची नसेल तर त्या आठवड्यात सिएनात मुक्काम शोधू नये. पाहायची असेल तर खोली कित्येक महिने आधी घ्यावी आणि सायकल शहराबाहेर ठेवावी. १५ ऑगस्टच्या आसपास सारी इटली सुट्टीवर असते. लेरोइका ऑक्टोबरच्या आरंभी होते, तेव्हा गायोलेच्या परिसरात खोल्या उरत नाहीत.

२४. पती सायकल चालवत नाहीत. त्यांनी भाड्याच्या मोटारीने सामान घेऊन पुढे यावे, हे चालेल का?

चालेल, आणि त्यामुळे चढ सुसह्य होतात. परंतु जुन्या गावांच्या वेशीवर मर्यादित वाहतुकीची क्षेत्रे असतात. लाल वर्तुळाच्या पाटीपलीकडे परवान्याशिवाय मोटार गेली की कॅमेरा क्रमांक टिपतो आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी भारतात घरी येते. मुक्काम तटाच्या आत असेल तर हॉटेलकडून क्रमांकाची नोंद आधी करून घ्यावी, अन्यथा मोटार तटाबाहेरच ठेवावी. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय चालक परवानाही लागतो.

२५. मेंढपाळांची कुत्री अंगावर येतात असे ऐकले. खरे आहे का?

क्रेते आणि व्हाल दोर्चात मेंढ्यांच्या कळपांसोबत मोठी पांढरी राखणदार कुत्री असतात. कळपाचे रक्षण करणे हे त्यांचे काम आहे. ती धावत आली तर वेग वाढवू नये. सायकलवरून उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवावी, न ओरडता शांतपणे चालत पुढे जावे आणि कळप व कुत्री यांच्या मध्ये कधीही शिरू नये. कळप रस्त्यावरच असेल तर मेंढपाळाची वाट पाहावी. शरद ऋतूच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्यात रानडुकरांची शिकार चालते. तेव्हा रानातून जाणाऱ्या वाटांवर इशाऱ्याच्या पाट्या लागलेल्या दिसल्यास त्या दिवशी डांबरी रस्ता धरावा आणि भडक रंगाचे जाकीट घालावे. अडचणीत सर्वत्र ११२ हा क्रमांक चालतो.